अठ्ठेचाळीस तास

आमच्या भागात शिकार म्हटलं की डोळ्यापुढं बंदूक येते, फासे येतात, रात्री धुऱ्याधुऱ्यानं फिरणाऱ्या बॅटऱ्या आणि त्यांच्या मागची कुत्री येतात. पोपटाच्या ढोलीत हात घालून पिल्लू काढणाऱ्या पोराला कोणी शिकारी म्हणत नाही. फार तर वांड म्हणतात. पण कायदा त्याला शिकारीच म्हणतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्यात शिकार या शब्दाचा अर्थ देऊन ठेवला आहे. मारणं, विष घालणं, फास लावणं ही तर शिकार झालीच, पण नुसतं पकडणं हीसुद्धा शिकार, आणि पाखरांच्या बाबतीत घरटं हलवणं, अंडी नासवणं हीसुद्धा शिकार.

आता आपल्या गावात फिरून पाहा. मी फुलसावंगीचा, पण हे कुठल्याही गावाला लागू आहे. ओसरीवर टांगलेला पिंजरा, त्यात हिरवा पोपट, खाली हरभऱ्याच्या सालपटांचा कचरा. घरातलं लहान पोर त्याला मिरची देतंय. यात कोणाला गुन्हा दिसतो? पाहुण्यालाही दिसत नाही. पण तो लाल चोचीचा आणि गळ्यात कंठ असलेला आपला गावठी पोपट या कायद्याच्या यादीत आहे. तो घरात ठेवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड आधी 25,000 रुपयांपर्यंत होता. 2022 मध्ये कायदा बदलला, तो 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला आणि दंडाची हद्द 1 लाखावर गेली. वाघ, बिबट, खवल्या मांजर अशी पहिल्या यादीतली जनावरं असतील तर कैद किमान तीन वर्षांची, सात वर्षांपर्यंतची.

हे सगळं मला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. कापूस, तूर, सोयाबीन करणाऱ्या माणसाला कायद्याचं पुस्तक कशाला लागतं? पण आमच्या नात्यातल्या एका मामींवर केस झाली आणि ते पुस्तक मला वकिलाकडून मागून आणावं लागलं. दहावी शिकलेल्या माणसाला ते एका बैठकीत कळत नाही. मी दोन महिने वाचत होतो.

मामींचं गाव सांगत नाही, कारण त्या हयात आहेत आणि प्रकरण कोर्टात आहे. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. पोरगा पुण्याला कंपनीत. घरात त्या एकट्या. एका उन्हाळ्यात अवकाळीच्या वादळानं अंगणातला जुना कडुलिंब मोडून पडला. त्याच्या ढोलीत पोपटाची तीन पिल्लं होती. दोन जागीच मेली. तिसरं अर्धवट पिसांचं, डोळे मिटून पडलेलं. मामींनी ते पदरात घेतलं, डाळीचं पीठ भिजवून बोटानं भरवलं आणि जगवलं. पुढं नऊ वर्षं ते पाखरू त्यांच्या घरात होतं. दारात कोणी आलं की मामींच्या आधी तेच विचारायचं, "कोन हाय?"

मग धुऱ्याचा वाद झाला. शेजारच्या वावरवाल्याशी हातभर जमिनीवरून भांडण. त्याला जमिनीचं काही करता येईना, तेव्हा त्यानं मोबाइलमध्ये पिंजऱ्याचा फोटो काढला आणि तक्रार टाकली. गाडी आली. आलेली माणसं वाईट वागली नाहीत, मामींना मायच म्हणत होती. पंचनामा झाला. पिंजरा पोपटासकट जप्त झाला. कागदावर मामींच्या नावापुढं 'आरोपी' लिहिलं गेलं. सत्तरी ओलांडलेली बाई, जिनं आयुष्यात तलाठ्याशिवाय दुसरा सरकारी माणूस पाहिला नाही, ती तारखेला तालुक्याच्या कोर्टात बाकावर बसू लागली.

मी भेटायला गेलो तर त्यांनी एकच विचारलं, "बापू, म्या त्याले मरू देल्लं नाही, हा गुन्हा व्हय का रे? मरू देल्लं असतं तं केस झाली नसती नं?"

या प्रश्नाला मला तिथं उत्तर देता आलं नाही. कारण बोलणं खरं आहे. ते पिल्लू त्या दिवशी अंगणात मुंग्या लागून मेलं असतं तर जगातल्या कुठल्याही कायद्यानं मामींना जाब विचारला नसता. जगवलं म्हणून विचारला. मग दया करावी की करू नये? हा प्रश्न पोपटापुरता नाही, म्हणून तो मी इथं मांडतो आहे.

पारावर या केसची चर्चा झाली तेव्हा लोक तावातावानं बोलले. त्यातले दोन मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला मुद्दा रोह्याचा आणि रानडुकराचा. माणसं म्हणाली, सरकारचं हे जनावर आमची तूर खातं, हरभरा खातं, एका रात्रीत मक्याचं वावर लोळवतं. आम्ही थंडीत मचाणावर जागल करतो. तेव्हा या जनावराचा मालक कुठं असतो? भरपाई मिळते, पण अर्ज, पंचनामा, कागद, आणि मिळते ती नुकसानीला पुरते असा अनुभव गावात कोणाचा नाही. जनावर आमचं खातं तेव्हा ते रानाचं, आणि आम्ही एक पाखरू खाऊ घालतो तेव्हा ते सरकारचं. हा कुठला न्याय?

दुसरा मुद्दा बाजारातल्या पाखरांचा. शहरात दुकानात रंगीबेरंगी छोटे पोपट मिळतात. लोक त्यांना लव्हबर्ड म्हणतात, त्यातले बरेच मूळचे ऑस्ट्रेलियातले. ते पाळले तर या कलमाखाली कोणी धरत नाही. म्हणजे परक्या देशाचं पाखरू ठेवलेलं चालतं आणि आपल्याच लिंबावरचं चालत नाही. हे उफराटं वाटतं की नाही?

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर मला आधी सापडलं, कारण ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ती परदेशी पाखरं पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच अंडी घालत आली आहेत. त्यातलं एक विकत घेतलं तर आपल्या कुठल्या झाडावरचं एक कमी होत नाही. आपला पोपट तसा नाही. बाजारात आलेलं त्याचं पिल्लू रानातल्या ढोलीतूनच आलेलं असतं. पोपट उन्हाळ्याच्या तोंडावर ढोलीत अंडी घालतो. पिल्लं मोठी होईपर्यंत मादी नर दोघं राबतात. पकडणारा रात्री किंवा भर दुपारी झाडावर चढतो. ढोलीचं तोंड लहान असेल तर कोयत्यानं मोठं करतो. ती ढोली पुढच्या वर्षी कामाची राहत नाही. पिल्लं टोपलीत कोंबून नेताना कितीतरी मरतात. म्हणजे ओसरीवरचा एक पोपट हा एकच पोपट नसतो, त्याच्यामागं मेलेली भावंडं आणि मोडलेलं घर असतं. घेणारा म्हणतो, मी कुठं पकडलं, मी तर पैसे देऊन घेतलं. पण तो पैसे देतो म्हणूनच दुसरा झाडावर चढतो. 1990-91 पासून आपल्या देशी पाखरांचा व्यापार पूर्ण बंद आहे, तो यासाठी.

म्हणजे कायदा आंधळा नाही. पण मामींनी पोपट विकत घेतला नव्हता. त्यांचा प्रश्न तसाच उरतो.

कायद्याच्या पुस्तकात 39 वं कलम वाचताना मी थबकलो. त्यात लिहिलं आहे की शिकार झालेला, किंवा पकडून पाळलेला, किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. मी ते तीनदा वाचलं. रानात मोकळ्या उडणाऱ्या पोपटाबद्दल त्या ओळीत काही नाही. तो उडतोय तोवर त्याच्यावर मालकी सांगायला कोणी येत नाही. माणसाच्या हातात आला की त्या क्षणी तो सरकारचा होतो.

पहिल्यांदा मला याचं हसू आलं. वाटलं, सरकार मोठं हुशार, आयत्या पिकावर हक्क सांगणारं. नंतर वेगळं ध्यानात आलं. हे कलम पोपट सरकारचा आहे असं सांगण्यासाठी नाहीच मुळी. तो तुझा नाही, हे सांगण्यासाठी आहे. तू पकडला म्हणून तुझा नाही, विकत घेतला म्हणून तुझा नाही, आणि वाचवला म्हणूनही तुझा नाही. सरकारचं नाव तिथं फक्त आडवं घातलेलं लाकूड आहे, माणसाची मालकी आत शिरू नये म्हणून.

रोह्याच्या मुद्द्याचं थोडं उत्तर इथंच मिळतं. रोही माझी तूर खातो ही माझी तक्रार खरी आहे आणि तिची भरपाई मला मिळालीच पाहिजे. त्यासाठी भांडलं पाहिजे, आणि आम्ही भांडतोच. पण त्या नुकसानीच्या बदल्यात मला पोपटावर हक्क मिळत नाही. एका देण्यात दुसरं घेणं असं वळतं करता येत नाही. किराणावाल्याची उधारी थकली म्हणून शेजाऱ्याची शेळी सोडून नेता येत नाही, तसंच हे.

त्याच कलमात पुढं अजून एक गोष्ट आहे, आणि मामींच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडलं. असा प्राणी कोणत्याही कारणानं हातात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकाऱ्याला कळवावं, आणि मागितला तर सोपवावा. कोणत्याही कारणानं, म्हणजे वादळात पडलेलं पिल्लू उचलणं त्यातच आलं. कायदा दयेला गुन्हा म्हणत नाही. तो दयेला दोन दिवस देतो. दोन दिवस पाणी पाजा, ऊब द्या, मांजरीपासून राखा. मग कळवा. कळवल्यावर तुमची दया संपते असं नाही, पण तुमचा ताबा संपतो. गुन्हा उचलण्यात नाही, ठेवून घेण्यात आहे.

अमेठीची गोष्ट पुष्कळांनी टीव्हीवर पाहिली असेल. उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात 2022 साली फेब्रुवारीत एका तरुण शेतकऱ्याला वावरात पाय मोडलेला सारस सापडला. त्यानं घरी आणून त्याच्यावर इलाज केला. सारस बरा झाला. पिंजरा नव्हता, दोर नव्हता. तरी तो गेला नाही. त्याच्या ताटात खायचा, त्याच्या मोटारसायकलीमागं उडत जायचा. लोक लांबून पाहायला यायचे. मार्च 2023 मध्ये वनखात्यानं सारस नेला आणि रायबरेलीच्या समसपूर पक्षी अभयारण्यात सोडला. तो तिथून उडाला आणि जवळच्या गावात माणसांत सापडला. शेवटी त्याला कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं. त्या शेतकऱ्याला वन्यजीव कायद्याखाली नोटीस आली. पुढं तो कानपूरला भेटायला गेला तेव्हा जाळीच्या आत सारस पंख फडफडवून उड्या मारत होता. ते पाहून माझ्या घरातल्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

देशातल्या बहुतेकांनी तेव्हा वनखात्याला शिव्या दिल्या. मी त्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आणि मला दोन्ही बाजू बोचतात. त्या माणसानं सारसाला बांधलं नव्हतं, हे खरं. मोकळ्या आभाळातून काढून सारसाला जाळीत टाकणं ही सुटका म्हणायची कशी, हा सवालही खरा. पण तिसरी गोष्टही खरी आहे. तो सारस समसपूरच्या पाण्यावर, आपल्यासारख्या पाखरांत टिकला नाही. तो माणसं शोधत गेला. वर्षभराच्या मायेनं त्याचा पाय बरा झाला होता, पण माणसाचं भय मोडलं होतं. रानातल्या जिवाला माणसाचं भय हे त्याचं कुंपण असतं. ते मोडलं की तो कोणाच्याही काठीला, कुत्र्याला, विजेच्या तारेला सापडतो. आपल्या महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या पट्ट्यात, आणि तेही मोजके. त्यातला प्रत्येक जण असा कोणाच्या तरी ताटात जेवू लागला तर अंडी कोण घालणार?

इथं कोणी म्हणेल, मग बैलाचं काय? बैलाला आपण वेसण घालतो, गाईला दावं बांधतो. तो जुलूम नाही? मी आयुष्यभर बैल राखले, म्हणून यावर अधिकारानं बोलू शकतो. बैल आपल्या गोठ्यात हजारो वर्षांपासून आहे. त्याला रान उरलेलंच नाही. त्याला सोडून देणं ही मोकळीक नव्हे, टाकून देणं आहे. म्हणून पोळ्याला आपण त्याच्या खांद्याला लोणी-हळद लावतो आणि पाय धुतो, कारण त्याचं देणं आपल्या डोक्यावर आहे. पोपटाचं तसं नाही. त्याचं रान अजून आहे, बांधावर आहे, लिंबावर आहे, सकाळ-संध्याकाळ थवा डोक्यावरून ओरडत जातो. पिंजऱ्यातला पोपट तो थवा ऐकतो तेव्हा कसा मान वाकडी करून बसतो ते ज्यानं पाहिलं आहे, त्याला मी काय सांगू?

मामींना मी हे सगळं एका बैठकीत बोललो नाही. पण एक गोष्ट विचारली. म्हटलं, "मामी, पिल्लाला पंख फुटले तेव्हा?" त्या म्हणाल्या, "मंग कापत होती नं पिसं. नवीन आली का कापाची." ज्या बोटानं डाळीचं पीठ भरवलं, त्याच हातात पुढं कात्री आली. मी म्हटलं, "उडू कायले नाही देल्लं?" बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "उडाला असता तं मांजरीनं खाल्ला असता."

मांजरीचं भय खोटं नव्हतं. पण हे वाक्य मी आयुष्यात फार ठिकाणी ऐकलं आहे. बाहेर जग वाईट आहे म्हणून सातवीतून लेकीला शाळेतून काढणारा बाप हेच बोलतो. म्हातारपणी एकट्या सासूला तिच्या माहेरी चार दिवस जाऊ न देणारी सूनही हेच बोलते. ज्याला ठेवून घ्यायचं असतं तो नेहमी बाहेरच्या मांजरीकडं बोट दाखवतो. मामींची माया खोटी होती असं मी म्हणत नाही. एकट्या घरात "कोन हाय?" म्हणणारा तो एकच आवाज होता. पण ती गरज मामींची होती, पोपटाची नव्हती. माया आणि गरज एकाच पदरात असली की कोणती कुठली ते आपलं आपल्यालाही कळत नाही. म्हणून तर बाहेरून कोणीतरी रेघ मारून द्यावी लागते.

आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की माहूर. तिथं महानुभाव पंथाची माणसं दुरून दुरून येतात. त्यांच्या लीळाचरित्रात चक्रधर स्वामींची एक लीळा आहे, पुष्कळांनी शाळेत वाचली असेल. पारध्यांनी कुत्री सोडली, ससा जीव घेऊन पळाला आणि येऊन स्वामींच्या मांडीखाली लपला. पारध्यांनी तो मागितला. तो शरण आला आहे, असं म्हणून स्वामींनी दिला नाही. त्यांच्याशी बोलून त्यांचं मन वळवलं. ते गेल्यावर स्वामींनी मांडी उचलली आणि सशाला जा म्हणून सांगितलं. ससा गेला.

लहानपणी या गोष्टीतलं सशाला वाचवणं तेवढं माझ्या ध्यानात राहिलं होतं. आता म्हातारपणी मला शेवटचं मांडी उचलणं जास्त मोठं वाटतं. स्वामींना तो ससा मठात ठेवता आला असता. भक्तांनी त्याला गवत घातलं असतं, कौतुक केलं असतं. पण शरण आलेल्याला अभय द्यायचं असतं, त्याच्यावर मालकी सांगायची नसते. तेराव्या शतकातल्या त्या गोष्टीत जे आहे, तेच 39 व्या कलमात रुक्ष भाषेत आहे.

मग ज्याला जाताच येत नाही त्याचं काय? पंख कायमचा तुटलेला, डोळा गेलेला, किंवा इतक्या लहानपणी माणसात आलेला की रान त्याला कळतच नाही? हा प्रश्न आपल्या विदर्भातच एका माणसापुढं उभा राहिला होता. डॉ. प्रकाश आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकशाला काम करत होते. तिथले माडिया लोक शिकार करून आणत होते. मेलेल्या माकडिणीला बिलगलेलं जिवंत पिल्लू त्यांनी पाहिलं आणि ते मागून घेतलं. तिथून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. पुढं तिथं बिबटे आले, अस्वलं आली, हरणं आली. ते ठेवून घेणं आणि ओसरीवर पिंजरा टांगणं यात फरक आहे. तिथं ठेवलेल्या जिवाला दुसरी वाट नव्हती. जाऊ शकतो त्याला ठेवणं वेगळं, आणि जाऊ शकत नाही त्याला सांभाळणं वेगळं. फक्त कोण जाऊ शकतो आणि कोण नाही, हे ठेवून घेणाऱ्यानं एकट्यानं ठरवू नये, कारण त्याचं मन आधीच एका बाजूला झुकलेलं असतं.

भक्तीनंही ही रेघ पुसत नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग पकडून पुजायची मोठी परंपरा होती. लोक नागाला दुखवत नव्हते, पुन्हा सोडून देत होते, असं तिथली माणसं सांगतात. तरी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2014 च्या सुमारास ते थांबलं. गावाला दुःख झालं, ते मी समजू शकतो. पण नाग दूध पीत नाही, आणि आपली मिरवणूक त्याला सण वाटत नाही.

इतकं सगळं मी कायद्याच्या बाजूनं बोललो. आता दुसरी बाजू. 48 तास ही दोन्हीकडून पाळायची गोष्ट आहे. माणसानं कळवायचं, तर कोणीतरी यायला पाहिजे. जखमी पाखराला औषध मिळेल अशी जागा नागपूरला आहे, सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर. पण फुलसावंगीहून ते दोनशे किलोमीटरच्या पुढं. वादळात पडलेलं बोटाएवढं पिल्लू घेऊन कोणती म्हातारी एसटीनं नागपूर गाठणार? कायदा पाखराला संरक्षण देतो तसं, पाखरू उचलणाऱ्या हाताला वाटही दाखवायला हवी. वाट दाखवायची नाही आणि नऊ वर्षांनी पंचनामा करायचा, यानं पाखरू वाचत नाही. उलट पुढच्या वेळी लोक पिल्लाकडं पाठ फिरवतात. मामींच्या केसनंतर आमच्या नात्यातली एक पोरगी म्हणाली, "आता कोनाले हात नाही लावा." मला ते ऐकून फार वाईट वाटलं.

शिवाय कायद्याचं 57 वं कलम असं आहे की असा प्राणी ज्याच्याकडं सापडला त्याचा ताबा बेकायदाच धरला जातो. तसा नाही हे त्यानं सिद्ध करायचं. पोपटांच्या टोपल्या भरून नेणाऱ्या दलालासाठी हे बरोबर आहे. पण कडुलिंब पडल्याची पावती मामी कुठून आणणार? ढोली फोडणारा, पिल्लं विकणारा, हौसेनं विकत घेणारा आणि पडलेलं उचलणारा, असे चार जण आहेत. चौघांच्या हातात पाखरू एकच असलं तरी चौघांचं पाप सारखं नाही. आणि सापडतो बहुधा चौथा, कारण त्याचा पिंजरा ओसरीवर उघडा टांगलेला असतो. शिक्षा ठरवताना हा फरक पाहायला हवा. धुऱ्याच्या भांडणाचं हत्यार म्हणून कोणी हा कायदा वापरत असेल तर तेही पाहायला हवं.

मामींची केस अजून चालू आहे. पोपटाचं काय झालं ते त्यांना कोणी सांगितलं नाही. नऊ वर्षं पिंजऱ्यात राहिलेलं, पिसं कापलेलं पाखरू लगेच सोडता येत नाही, एवढं मला कळतं. तो कुठं आहे, जगला का, उडायला शिकला का, हे एका कागदावर लिहून मामींना पाठवलं असतं तर शिक्षेपेक्षा त्या कागदानं त्यांना जास्त शिकवलं असतं. तो उडाला असं कळलं असतं तर, मला वाटतं, त्यांनी दंड आनंदानं भरला असता.

वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट म्हणून एक फोन नंबर आहे, 1926. त्याला पैसे लागत नाहीत. हा नंबर गावातल्या किती जणांना ठाऊक आहे ते मी विचारत फिरलो. आमच्या आळीत एकालाही नव्हता. मी सरपंचांना म्हटलं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाची, हागणदारीमुक्तीची, पीक विम्याची रंगवलेली वाक्यं आहेत. त्यांच्या शेजारी एक ओळ अजून रंगवा. पडलेलं पाखरू उचला, सावलीत ठेवा, पाणी द्या आणि दोन दिवसांच्या आत 1926 वर सांगा. खाली आपल्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर. आणि ज्यानं कळवलं त्याला खात्यानं पोच द्यावी, तारीख-वार घालून, म्हणजे पुढं कोणी धुऱ्यावरून भांडला तरी त्याच्या हातात कागद राहील. सरपंच म्हणाले, रंगाचा डबा तुम्ही आणा, पोरगा मी देतो. पोळ्याच्या आधी शाळेची भिंत रंगणार आहे, तेव्हा हीही ओळ लिहून घ्यायचं ठरलं आहे.